प्रश्न सातवा

विद्यापीठासमोरच्या झेरॉक्समधून
एकशे वीस प्रती घेतल्या, सव्वा रुपयाला एक.
बसच्या पाटीवरची कन्नड मला अजून
एकेक अक्षर जोडत वाचावी लागते,
म्हणून वाहकालाच विचारलं, कन्नडमध्ये, गर्लगुंजी?
तो म्हणाला, बसा की ताई. मराठीत.

प्रबंधाचं नाव लांबलचक आहे:
सीमाभागातील प्राथमिक शिक्षण, संस्कृती आणि अस्मिता.
वहाळ मॅडम म्हणतात, अस्मिता मोजता आली पाहिजे.
म्हणून प्रश्न सातवा.
घरी कोणती भाषा बोलता?
चार चौकोन. एकातच खूण करावी.

कल्लव्वा बिर्जे भट्टीवर ओली कौलं उलटत होती,
हात कोपरापर्यंत लाल.
म्हणाली, कवाची सांगू? सकाळची का रातची?
म्हस गोकाकच्या बाजारातनं आणलेली,
तिला मराठी कळत न्हाई.
ये म्हटलं तर लाथ झाडती,
बा अव्वा, बा, म्हटलं की दूध सोडती.
मग नवरा उठतो. त्यो मराठीत उठतो.
मुकादमाशी हिशेब कन्नडात, खरं शिव्या आमच्याच.
यल्लम्माला दोन्ही चालतंय,
ती डोंगरावर बसून सगळ्यांचंच ऐकती.
आणि धाकटीची शाळा इंग्लिश,
झोपंत एबीसी बडबडती, त्येबी लिव्हा.

मी पेन धरून उभी.
म्हशीला घरातलं माणूस धरायचं का,
हे संशोधनपद्धतीच्या पुस्तकात नव्हतं.

दुपारी शाळा. पट अकरा.
चौथीच्या भिंतीवर नकाशा.
आपलं गाव दाखवा म्हटलं की मुलं बोट ठेवतात,
आणि तीस वर्षांच्या बोटांनी
गाव होतं तिथं भोक पडलंय,
भोकातून भिंतीचा चुना दिसतो.
चिगरे गुरुजी म्हणाले, नवा मागवलाय.
कुणाकडे मागवलाय ते म्हणाले नाहीत.

शट्टुप्पा नावाच्या एकानं कागद उलटा धरून विचारलं,
बाई, तुमी कशात खूण केलीसा?

माझं आडनाव झुंजवाडकर.
दाखल्यावर ते दोन लिप्यांत आहे.
आई उच्चारते तो झ दातांना घासून जातो,
कारकून कन्नडवरून वाचतो तेव्हा
तोच झ टाळूला चिकटतो,
आणि त्या हाकेला जी मुलगी उठून उभी राहते
तीही मीच. शिष्यवृत्ती तिच्याच नावानं आली.
हे एका चौकोनात कसं,
असं काहीतरी त्याला सांगणार, तोवर घंटा झाली.
तो ताट घेऊन पळाला. सांबाराच्या रांगेत
पुढच्याला म्हणाला, सरी की!
सरी कन्नड. की मराठी.
धक्का कुठला, ते मी टिपून घ्यायला हवं होतं.

आठवड्यानं मॅडमनी गठ्ठा चाळला.
ह्या एकावर खूणच नाही?
आहे, म्हटलं. कल्लव्वाला सही येत नव्हती,
अंगठा कुठं लावू म्हणाली,
मी सांगायच्या आत लावला,
सातव्यावर, चारी चौकोन झाकून,
मातीचा, वाळून आता तडे गेलेला.
मॅडमनी तो बराच वेळ पाहिला.
मग म्हणाल्या, अवैध धर.

धरला. एकशे एकोणीस.
टक्केवारी आता बरोबर शंभर येते.

परवा घरी फोन लावला.
आई विचारत होती, जेवलीस काय,
आणि मध्येच फोन बाजूला धरून
मागे कुणालातरी म्हणाली, निल्लु, निल्लु.
आमच्या गोठ्यात चार वर्षं काही नाही.
मी विचारलं नाही.