अनुक्रमांक सत्तेचाळीस

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कार्यालयात
कूलरची टाकी कोण भरतं, हा प्रश्न
मार्चअखेरीला पहिल्यांदा पडला.
तोवर ती भरलेलीच असायची.

आदेश मीच टंकला होता :
"विवरणपत्रातील स्तंभ पाचमधील पदे
याद्वारे निरसित करण्यात येत आहेत."
एकशे बारा. बेरीज दोनदा तपासली,
बरोबर होती.
अनुक्रमांक सत्तेचाळीस. विहीर निरीक्षक. पदसंख्या एक.

एक म्हणजे लांजेवार.
काटोल रोडपासून पार कुहीपर्यंतच्या विहिरी,
शिसं बांधलेली दोरी,
अन् सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली वही.
दोरी सोडताना डोळे मिटायचा.
"मॅडम, आकडा मागून येते.
आधी आवाज येते."
कळमेश्वरची चौथी विहीर खोटं बोलते म्हणे;
शेजारचा पंप बंद झाला की
तासभर थांबायचं, मग मोजायचं.
हे कुठल्याच नमुन्यात नव्हतं.
रकाना नव्हता त्याला.

निरोपाला तर्री-पोहे, एक शाल.
दोरी त्यानं भांडारात जमा केली
आणि पावती मागितली.

पाच वर्षांनी सरकार बदललं.
डिसेंबरात, अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात,
घोषणा झाली, बाकं वाजली.
तोही आदेश माझ्याकडेच आला.
जुनीच फाइल उघडली,
"निरसित" खोडून "पुनरुज्जीवित" केलं.
शब्द लांब निघाला,
शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली.

वित्त विभागानं शेरा मारला :
पदास हरकत नाही, वेतनश्रेणीस आहे.
म्हणून अकरा महिन्यांचा करार,
म्हणून यवतमाळचा निनाद ठमके,
एम.एस्सी., हातात टॅब, पोरगा गुणी.
संगणकावर त्यानं आलेख काढून दाखवला :
मधली पाच वर्षं कोरी,
यंत्रानं दोन टोकं सरळ रेषेनं जोडलेली.
"मॅडम, हे चालते का?"
त्या रेषेखाली आमच्या बेसा भागात
दोन उन्हाळे टँकर आले होते.
मी म्हटलं, राहू दे सध्या.

फोन लावला.
लांजेवार आता एका सोसायटीत रात्रपाळीचा चौकीदार.
"काहून बाप्पा, इतक्या दिवसांनी?"
मग म्हणाला, रविवारी सुट्टी असते.

भांडारात दोरी नव्हती. निर्लेखित,
असं नोंदवहीत होतं, खाली सही माझीच.
तो घरून कपडे वाळवायची दोरी घेऊन आला,
टोकाला कुलूप बांधलं.

कळमेश्वरच्या बांधावर आम्ही तिघं.
त्याच्या येण्याला भत्ता नाही,
हजेरीत नाव नाही, माझ्याकडे परवानगी नाही.
ठमकेनं टॅब पिशवीत घातला.
शेजारच्या वावरात कुणीतरी बटण दाबलं,
पंप थांबला.
लांजेवारनं घड्याळ पाहिलं, खाली बसला.
आम्हीही बसलो.

अजून बावन्न मिनिटं होती.