तिसरा फ्यूज

दोंडाईच्यात मार्चमध्ये मीटरच्या पेटीलाही शिंक येते.
झाकण उघडलं तर आत बोटभर लाल भुकटी,
चिनीमातीचे तीन फ्यूज,
कोपऱ्यात पालीचं वाळकं शेपूट.

रूपकोरबाई गिरासे कांडपाच्या दारात, नाकाला पदर.
"भो, एकदाचं सांग. हेच ठेवू
का तो खटक्यावाला बसवू?"

आता काय सांगू?
माझे उस्ताद लोटन मिस्त्री तारेच्या बाजूचे.
म्हणायचे, "तार जयाले इसरस नही."
स्प्रिंग म्हातारी होते, भुकटी खाते,
एखाद दिवशी आळस करते.
तार नेमून दिलं तेवढंच सोसते,
आणि गेली की माणसाला पाच मिनिटं अंधारात उभं करते:
का गेली, बघ जरा.
खटक्याचं तसं नाही. पोरगं येतं, वर करून जातं.

पहिला फ्यूज उपसला. तार बरोबर.
दुसरा. जुनी, पण बरोबर.
तिसरा हाताला जड लागला.
दोन स्क्रूंच्या मध्ये, काळीनिळी पडलेली,
अंबाड्याची पिन.

मी काही बोललो नाही.
त्याच म्हणाल्या, "हंगाम व्हता.
रांग पार रस्त्यापर्यंत. तासात दोनदा जायची.
मग नाही गेली कधी."

नाही गेली.
भिंतीवर वायरीच्या वाटेने
चुना पिवळा पडला होता, थेट पोत्यांच्या थप्पीपर्यंत.
मी हात लावून पाहिला आणि काढून घेतला.

"खटकाच बसवू," म्हणालो.
"दहा हॉर्सची मोटार उठताना उसळी मारते,
तेवढी माफ करणारा घेऊ. जास्त नाही.
पेटी रबरी पट्टीची, भुकटी जायला नको.
आणि बोटाने वर दाबून धरलात ना,
तरी तो आतून पडतो."

"म्हंजे मन्हावर भरवसा नही?"

"तुमच्यावर आहे. हंगामावर नाही."

हसल्या. मग शिंकल्या, दोनदा.
मग हात पुढे केला, "मनी पिन दे."
पदराने पुसली, उजेडात धरली,
डोक्यात नाही खोवली.
गल्ल्यात टाकली, सुट्ट्या पैशांत.

लोटन मिस्त्रींना हे सांगायला हवं होतं.
सांगितलं असतं तर म्हणाले असते,
तारेचा काय दोष, तिची जागा दुसऱ्याला दिली.

चार वाजता मोटार उठली.
दिवा क्षणभर मंदावला.
आम्ही दोघांनी एकदमच
खटक्याकडे पाहिलं.