स्पॉट नंबर सात

मेढ्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राची लॅब
आणि प्राणीशास्त्राची लॅब
यांच्यात भिंत एक, अटेंडंटही एकच, मी.
डेडस्टॉक रजिस्टरं मात्र दोन.
दोन्हींत इ-च्या पानावर तोच शब्द,
इलेटर.

इकडे तो काचपट्टीवर.
केळघर घाटाच्या ओल्या कपारीतून
चाकूच्या टोकानं मी खरवडून आणलेल्या
हिरव्या सालटीच्या पोटातला,
केसाहून बारीक, स्प्रिंगसारखा पिळाचा धागा.
तिकडे तो टाचणीवर.
तपकिरी, लांबोडका, डांबरगोळीच्या वासाचा किडा,
आमच्या वाडीत ज्याला टिचक्या म्हणत.
उताणा ठेवा, छातीवरची खिट्टी खाचेतून निसटते.
टक्.
वीतभर वर.
पुन्हा उताणा पडला तर पुन्हा टक्.
आम्ही पैजा लावायचो, ओंजळभर करवंदांच्या.

ऑडिटला आलेला माणूस म्हणाला,
एकाच वस्तूची दोनदा नोंद कशी?
ढेबे सरांनी त्याला चहा पाजला,
म्हणाले, मूळ शब्द ग्रीक आहे हो,
अर्थ, हाकणारा.
त्यानं लाल पेनानं तसंच लिहून टाकलं,
हाकणारा, नग दोन.

हाकणारा म्हटलं की मला आबा दिसतात.
मेढा ते सातारा वडाप.
मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं, टपावर कोंबड्यांची डालगी,
चला सातारा सातारा सातारा.
कोणी तिथून पुढे पुण्याला गेलं, कोणी थेट मस्कतला.
शेवटच्या खेपेला आबा रिकामी जीप घेऊन
परत मेढ्यात.

सरांचा खडू नेमका इथंच मोडायचा.
एकाच पेशीचे दोघं, बरं का.
एक बीजाणू होतो,
उडतो, रुजतो, त्याचं नवं हिरवं होतं.
दुसरा इलेटर.
तो रुजत नाही.
हवा सुकली की पिळवटतो,
दमट झाली की सैलावतो,
त्या धडपडीत भावंडांना बाहेर ढकलतो.
तोवर त्याच्या आत जीवही उरलेला नसतो.
मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसायचं.
मी बीकर विसळत असायचे.
दोन भाऊ चिंचवडला, बहीण वाशीला.
मी बीकर विसळत असायचे.

ऑक्टोबरची प्रॅक्टिकल, शेवटची बॅच, दिवेलागण.
स्पॉट नंबर सात. ओळखा, वैशिष्ट्य लिहा.
मुलाण्यांची तबस्सुम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून,
आणि ट्यूबलाइटच्या ओढीनं
खिडकीतून तो आला, टेबलावर उताणा पडला,
हजेरी द्यायला आल्यासारखा.
बाहेरचे परीक्षक कराडचे. म्हणाले, मावशी, हा कचरा उचला.
मी उचलला नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
सांगितलेलं काम मला ऐकू आलं नाही.
टक्.
टेबलावरून थेट पोरीच्या उत्तरपत्रिकेवर.

गठ्ठा बांधताना मी वाचलं तिनं काय लिहिलंय.
'इलेटर. दोन असतात.
एक दुसऱ्यांना फेकतो.
एक स्वतःला.'
समोर अर्धा गुण कापलेला,
शेरा, विषयाबाहेर.

कुलूप लावायच्या आधी काचपट्टीवर
आरशावर करतात तसं हाः केलं
आणि भिंगातून पाहिलं.
तो हलला.
मेलेला, तरी हलला.
टिचक्या कपाटामागे गेला होता. शोधला नाही.
रजिस्टरात आवक लिहिली नाही.
खिडकी तेवढी उघडी ठेवली.

घरी येऊन जेवायच्या आधीच
खाटेवर उताणी पडले.
बहिणीचा फोन वाजून वाजून थांबला.
गळ्याच्या खाली, दोन बरगड्यांच्या मध्ये,
बोटांनी चाचपत राहिले,
खिट्टी असलीच तर
कुठं असेल.