कोता

आर्लिंग्टन काउंटीच्या पाणीखात्यात
मी तळी तपासते.
तळी म्हणजे खड्डे.
पार्किंगवरचं पाणी तिथे जाऊन बसतं,
तेलाचा तवंग, कुत्र्यांची घाण, रस्त्यावरचं मीठ घेऊन,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

तक्रार फोनवर आली होती:
कोलंबिया पाइकमागच्या सात नंबरच्या तळ्यात
कोणीतरी कचरा बांधून सोडलाय.
बांधून, हा शब्द मला खटकला.
कचरा टाकतात. बांधत नाहीत.

गेले, तर खरंच बांधलेला.
सोड्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या, बुचं घट्ट,
सुतळीने आवळून केलेली बाज,
आणि बाजेवर पाणकणसाचा गड्डा
बाळंतिणीसारखा निवांत,
मुळं खाली पाण्यात सोडून.
अशा अकरा बाजा.

काठावर सातुर्निना चोके.
पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
अंगात हॉटेलचा निळा झगा,
रात्रपाळी उरकून थेट आलेली.
तिचं इंग्रजी मोडकं, माझं स्पॅनिश त्याहून.
दोन मोडक्या खुर्च्या एकमेकींना टेकवल्या
की जेमतेम बसता येतं, तसं बोललो.

बोलिव्हियात, ओरुरोजवळ तिचं तळं.
वरून खाणींचं पाणी यायचं, विटकरी,
खालून शहराच्या बाटल्या.
एक वर्ष असं आलं की पाणी दिसेचना.
"बापाची होडी प्लॅस्टिकवर उभी होती," ती म्हणाली,
"बुडायलासुद्धा पाणी नव्हतं."
मग बायका उतरल्या. तिची बहीण एउसेबिया,
दोन शेजारणी, शाळा बुडवून आलेल्या पोरी.
त्याच बाटल्या वेचल्या, त्यांच्याच बाजा बांधल्या,
वर तोतोरा लावला,
आपल्या लव्हाळ्याचा थोरला भाऊ,
मुळांनी विष ओढून घेणारा.

मंत्री आले का? मी विचारलं.
"आले. काठावरून फोटो काढून गेले.
बूट नव्हते त्यांच्याकडे."
तळं निवळलं का?
तिने बोट अंगठ्याजवळ आणलं. एवढंसं.
"पण सहा रोहित उतरले त्या वर्षी.
त्यांना आकडे वाचता येत नाहीत."

तिच्या आयमारा भाषेत तळ्याला म्हणतात कोता.
मी हसले. माझ्या भाषेत कोता म्हणजे
तोकडा, अपुरा, हवा तेवढा नसलेला.
तिला तसं सांगितलं. ती हसली नाही.
म्हणाली, मग तुमच्या लोकांनी
पाहिलंय आमचं तळं.

मी नमुना भरला. क्रमांक, वेळ, तापमान.
खिशात फोन वाजला.
त्याच्या बॅटरीला जिथलं मीठ लागतं म्हणतात
ते तिच्या गावापासून रात्रभराच्या बसवर.
मी फोन बंद केला. त्याने काय होतं म्हणा.

प्रयोगशाळेत आकडे आले.
फॉस्फेट थोडं खाली. थोडंच. इतकं थोडं
की चूकही असेल, माझी किंवा यंत्राची.
फॉर्मवर दोनच चौकोन होते:
कचरा, नाहीतर वनस्पती.
कचरा असेल तर आजच ट्रक जातो.
वनस्पती असेल तर तीस दिवसांची नोटीस,
सुनावणी, वरच्याची सही.
पेन माझ्या हातात होतं.
सुपरवायझरने विचारलं तर सांगेन,
मुळं आहेत त्याला.

तीस दिवस काही फार नव्हेत.
नोव्हेंबर लागला, पाणकणसं पिंजली,
त्यांचा कापूस गाड्यांच्या काचांवर बसला,
आणखी दोन तक्रारी आल्या.

रविवारी मी चार बाटल्या धुऊन पिशवीतून नेल्या.
सोडा मी पीत नाही.
शेजाऱ्यांच्या डब्यातून काढल्या होत्या,
इकडेतिकडे बघत.
सातुर्निनाने एकेक कानाशी धरून दाबली,
तीन ठेवल्या,
चौथी माझ्या हातात परत दिली:
हिचं बूच गळतंय.