सोळा ते पन्नास

जुन्या लेन्सला बुरशी आली.
काचेच्या आत, जिथे बोट पोचत नाही,
तिथे कोळ्याच्या जाळ्याएवढी पांढरी नक्षी.
तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली, सिलिकाच्या पुड्या घातल्या,
पण माहीमच्या खाडीवरची हवा
पुड्यांना दाद देत नाही.

बोरा बाजारात हातिमभाईंनी ती उजेडात फिरवली.
"साफ करायचे पैसे नवीनएवढेच," म्हणाले,
आणि मखमलीच्या तुकड्यावर
तीन मांडल्या.

वैधमापन खात्यात माझी एकवीस वर्षं गेली.
हाताला ग्रॅम कळतात.
पहिली एकशे सोळा, दोन मुठी पोहे.
कॅमेरा बंद केला की अंग चोरून बसते,
पर्समध्ये डब्याशी, किल्ल्यांशी भांडत नाही.
दुसरी सव्वातीनशे, अठरापासून पार एकशे पस्तीसपर्यंत.
तिसरी सव्वापाचशे,
अंधारातही मोठा डोळा उघडणारी,
पण माझ्या एवढ्याशा कॅमेऱ्याला
नाकापेक्षा मोती जड.

"बाहेर नेऊन बघा," हातिमभाई म्हणाले, "मी इथंच आहे."
मी कुणावर असा विश्वास ठेवला नसता.
पगारच त्याचा मिळतो.

दुसरी लावून गल्लीत उभी राहिले.
कडी फिरवली तशी समोरची इमारत चालत आली.
तिसऱ्या मजल्यावर बनियन घातलेला एक माणूस
खिडकीत डाळिंब सोलत होता.
एक दाणा मांडीवर पडला,
तो त्याने इकडेतिकडे बघून तोंडात टाकला.
मी बटण दाबलं नाही.
माप घ्यायचं तर समोरच्यादेखत घ्यायचं,
हा आमचा नियम.

परत आले तर हातिमभाईंचा पुतण्या
माझं कार्ड लॅपटॉपला लावून बसलेला.
"प्रत्येक फोटोच्या पोटात आकडा असतो आंटी, किती मिलिमीटर.
तुम्ही काय वापरता ते कळलं की पैसे फुकट नाही जाणार."
त्याने मोजलं.
सोळावर गच्ची, खाडी, ऑफिसातले निरोपसमारंभ.
तिशीच्या आसपास मांजर, आणि शेजारच्या केतकीचं बाळ.
"आणि पन्नासवर दोनशे चाळीस.
सगळे या काकांचे."

श्रीरंग पेपर वाचताना. श्रीरंग कुंड्यांना पाणी घालताना.
श्रीरंग पाठमोरा.
डाव्या जबड्याचं ऑपरेशन झालं त्याला चार वर्षं झाली,
सगळ्या तारखा त्यानंतरच्या.
त्याआधीचा श्रीरंग चोवीसवर, सत्तावीसवर,
एकदा तर सोळावर,
कलिंगड खाताना, कानापर्यंत लाल.

मी समजत होते, त्याला आवडत नाही
म्हणून मी लांब राहते.
पुढे फिरेना तोवर कडी फिरवून,
दाराच्या चौकटीला टेकून.

"म्हणजे आंटीला लांबची पाहिजे," पोरगा म्हणाला.
त्याचा हिशेब बरोबर होता.
मी दोनदा तपासला.

एकशे सोळावालीच घेतली.
हातिमभाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा पुतण्याकडे पाहिलं
आणि काच पुसायचं फडकं वर दिलं,
बिलात न लावता.

रात्री खोका श्रीरंगनेच उघडला.
मला विचारायच्या आत लेन्स बसवली, खट्ट.
"सेम तीच की," म्हणाला.
हल्ली त्याचं बोलणं 'स'वर जरा घसरतं.
मग कॅमेरा माझ्याकडे वळवून तो पुढे आला,
आणखी पुढे,
त्याच्या खोबरेल तेलाचा वास येईपर्यंत.

सोळावर फार जवळ गेलं की काय होतं
ते मला माहीत होतं.
फोटोत माझं नाक भलतंच पुढे आलंय,
कान मागे कुठेतरी राहून गेलेत,
आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत
तो, छोटासा, डाव्या बाजूसकट.

पुसून टाक, मी म्हटलं.
नाही म्हणाला.