जोड

सरनोबत बाईंच्या गच्चीवर, ताराबाई पार्कात,
हिरव्या जाळीखाली एकशे बारा कुंड्या.
माती नाही. झाडाची साल, कोळसा, थर्माकोलचे तुकडे.
सकाळी सात आणि दुपारी बारा, फवारा माझ्याकडे.
या फुलांना साहेबलोक सपाता म्हणतात,
बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाल्या.
मी कुठल्या गल्लीतला ते त्यांना ठाऊक होतं.

मला हसू आलं.
सुभाषनगरात माझ्या बापानं चाळीस वर्षं कापशी शिवली.
फुलाचा फुगीर पुढा, वर उघडं तोंड, काठ आत दुमडलेला,
हात चांगला आहे, एवढं मला बघताच कळलं.
फक्त डावा की उजवा, ते कळेना.
एका देठाला एकच. जोड नाही.

बाटलीतून आलेलं एक रोप
नखाएवढं असताना मी लावलं होतं.
सात वर्षांनी यंदा त्याला कळी धरली,
आणि चैत्रात तीन दिवस वीज नव्हती.
पंखा बंद, शेजारचा पत्रा तापून वाजत होता.
कळी तेव्हा पानांच्या बेचक्यात, अजून पोटातच म्हणायची.

उमललं तर पुढे दोन.
शेजारी शेजारी, चिकटून,
एक मोठा, एक जरा आत वळलेला.
वरची पाकळी मधोमध चिरलेली.
डावीकडची नाहीच.

बाईंनी भिंग लावलं. "बिघडलंय," म्हणाल्या.
मग थांबून, "उष्म्यानं असेल. नाहीतर रक्तातच असेल.
पुढचं फूल येईतो सांगता येत नाही, सातपुते."
रविवारी प्रदर्शन.
तिथं परीक्षक पट्टी घेऊन फिरतात, दोन्ही बाजू मोजतात.
"कात्री आणा," म्हणाल्या, आणि फोन वाजला म्हणून खाली गेल्या.

मी कात्री स्पिरिटनं पुसली.
आबाकडे एक गवंडी यायचा, गडहिंग्लजकडचा,
उजवं पाऊल आत वळलेलं, करंगळीला चिकटून अजून एक बोट.
कशानं झालं, हे आबानं कधी विचारलं नाही.
वहीचं पान जमिनीवर टाकायचा, "ठेवा पाय,"
पेन्सिल उभी धरून सावकाश फिरवायचा,
त्या जादा बोटाभोवतीसुद्धा.
"पाय चुकत न्हाई. माप चुकतं," म्हणायचा
आणि दहा रुपये जास्त घ्यायचा.
कातडं जादा लागतं म्हणून.

खताच्या पावतीची मागची बाजू कोरी होती.
फुलामागं धरली.
हात थरथरला, एका जागी रेघ सुटली,
पण दोन्ही पुढे आले, चीरही आली,
आणि डावीकडं जिथं काही नव्हतं
तिथं पेन्सिल नुसती सरळ खाली उतरली.

"कापलं?" बाईंनी जिन्यातून विचारलं.
"माप घेतलंय," म्हटलं. "पुढच्या फुलाला लावून बघू."

त्या वर आल्या. कागद बघितला, उलटा करून रक्कमही बघितली.
कात्री मागितली नाही.
कुंडी उचलून मागच्या रांगेत ठेवली, टाकीआड,
पाहुण्यांना दिसणार नाही अशी.