मुद्दा क्रमांक सात

जनसुनावणी अकराची होती, सुरू झाली पावणेएकला.
राधानगरीच्या आतल्या एका शाळेत
पाढ्यांच्या भिंतीवर पडदा लावून
कंपनीच्या साहेबानं वाघझऱ्याचा सडा दाखवला:
वरून काढलेला फोटो, जांभा दगड, त्यावर निळ्या रेघा.
'नापीक कातळ' म्हणाला. मी लिहिलं.
'फक्त वरचा चार मीटर थर.' तेही लिहिलं.
कलेक्टर कचेरीत बावीस वर्षं मी इतिवृत्तं लिहितो,
माझ्या हाताला ऐकू येतं, मला येतंच असं नाही.

ठकूबाई डोईफोडे उठल्या. धनगरवाड्यावरून
तीन तास चालत आलेल्या, पोटरीवर जळवांचे डाग.
'वरची माती बाजूला ठिवणार,
काम झालं की परत पसरणार, असंच म्हणतोस न्हवं?
दुधावरची साय काढ, आन परत दुधावर बशीव.
मग मी अंगठा देतो.'
हशा झाला. हशा लिहायचा नसतो.

मग जानू येडग्यांनी घोंगडीतून ढोल काढला.
भाद्रपदातली हवा, कातडं सैल पडलेलं,
थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखी.
शेकायला हवा होता. लाकडं सगळी भिजलेली.
तेव्हा कुणीतरी पिशवीतून अहवाल काढला,
पर्यावरणाचा, इंग्रजी, तीनशे चाळीस पानं,
साऱ्या वाड्यात मिळून एक प्रत दिलेली, वाचायला.
पायरीपाशी तो पेटवला. गुळगुळीत कागद
आधी नुसता धुमसतो, मग कडेनं हिरवा जळतो.
हवालदार पुढं झाला, आमच्या साहेबांनी नजरेनंच थांबवला.
का, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

जानू ढोल फिरवत राहिले, भाकरी फिरवावी तसा,
मधेच टिचकी मारून, कान लावून.
नातू बिरदेव शेजारी बसून मोबाईल दाखवत होता:
कुठल्यातरी बर्फात उभी माणसं, हातात चपटं वाद्य,
त्यांच्या पायांखाली म्हणे तेल सापडलंय.
'हरणाचं कातडं हाय आज्जा, तिकडच्या हरणाचं.'
जानूंनी डोळे बारीक करून बघितलं.
'एवढ्या गारठ्यात ताणत्यात कसं?'
एवढंच विचारलं.

मग वाजवला.

खिडकीची काच थरथरली, पडद्यावरचा सडाही.
दोन पोरी कैताळ घेऊन उभ्या होत्या, त्या वाजवेनात,
त्यांना ठाऊक होतं कधी वाजवायचं.
एक थाप, आणि थांबले. परत एक. थांबले.
मला वाटलं म्हातारा दमला.
बिरदेव म्हणाला, सड्यावर वाजवताना असंच थांबायचं,
खालचं पाणी जाब देतंय तोवर.
इथं खाली शाळेची फरशी होती, फरशीखाली मुरूम.
तरी ते थांबत राहिले, तेवढंच, दर वेळी तेवढंच,
आणि त्या थांबण्यात कुणी खोकलंसुद्धा नाही.
भंडारा उडून माझ्या रजिस्टरवर पडला.

मुद्दा क्रमांक सात: हरकतदाराने वाद्य वाजविले.
शेजारचा रकाना, प्रकल्प प्रवर्तकाचे उत्तर.
मी कंपनीच्या साहेबाकडं बघितलं, त्यानं जळक्या पानांकडं.
'निरंक,' तो म्हणाला शेवटी.
पेन उतरेना. शाई होती.

रात्री फुलेवाडीत घरी आलो. जेवलो. टाईप केलं.
रजिस्टर झटकलं नाही.
पहाटे साडेपाचला नळाला पाणी यायच्या आधी
पाईपात हवा भरते, एक ठोका येतो.
मग काही नाही. मग पुन्हा एक.
हे पाणी भोगावतीचं, एवढं मला माहीत होतं.
भोगावतीत कुठून येतं, हे शाळेत शिकलो असणार.
मी बादलीपाशी उभा होतो, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत,
आतून बायको ओरडली,
अहो, केव्हाची भरलीय, वाहून चाललंय.